मोबाईलमधला फोटो भिंतीवर लावताना

घरातले वडीलधारे माणूस गेले की दुसऱ्याच दिवसापासून फोटोची शोधाशोध सुरू होते. जलदानविधीला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला टेबलावर ठेवायला मोठा फोटो हवा असतो. पूर्वी ट्रंकेतून एखादा पासपोर्ट साईज निघे, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत ते माणूस मागच्या रांगेत उभे सापडे. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. नातवंडांच्या मोबाईलमध्ये आजीचे शेकडो फोटो असतात. तरीही कार्यक्रमाच्या दिवशी टेबलावर येणारा फोटो पुष्कळदा धुरकट असतो. डोळे विरघळल्यासारखे, लुगड्याचा काठ फुटलेला. आलेली मंडळी काही बोलत नाहीत, पण घरच्यांना ते सलते. आणि पुढे तोच फोटो वर्षानुवर्षे भिंतीवर राहतो.

वस्तीत असा प्रसंग घडला की फोटो, फ्रेम आणि निरोप धाडण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. कितीतरी घरांसाठी स्टुडिओच्या पायऱ्या चढल्यावर आमच्या ध्यानात आले की दोष सहसा मोबाईलचा नसतो. साध्या मोबाईलने भर दिवसा काढलेला फोटोही दीड फुटापर्यंत चांगला मोठा होतो. बिघाड होतो तो मोबाईलमधून दुकानदाराच्या कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेत. ही वाट कशी सांभाळावी हेच वाचक बंधू-भगिनींना सांगावे, असे मनात आहे.

ठिपक्यांचा हिशेब

आम्ही पडलो कारकून माणूस, तेव्हा आधी हिशेब. मोबाईलमधला फोटो म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. गॅलरीत फोटो उघडून ‘डिटेल्स’ किंवा ‘तपशील’ पाहिले तर ४०००×३००० असे दोन आकडे दिसतात. म्हणजे आडवे चार हजार ठिपके, उभे तीन हजार. गुणाकार केला की एक कोटी वीस लाख, यालाच १२ मेगापिक्सेल म्हणतात. फोटो कितीही मोठा छापला तरी ठिपके तेवढेच राहतात, फक्त ते विरळ होतात. तेव्हा लांब बाजूच्या ठिपक्यांना कागदाच्या लांब बाजूच्या इंचांनी भागावे. भागाकार २०० च्या वर आला तर फोटो नाकाशी धरला तरी छान दिसेल. १५० आला तरी भिंतीवर उत्तम. १०० च्या खाली गेला की चेहरा मऊ पडू लागतो.

४००० ला १८ ने भागले तर २२२ येतात. म्हणजे १२×१८ इंचाचा फोटो निर्धास्त करून घ्यावा. २४ इंचाला भागले तर १६६, म्हणजे १८×२४ सुद्धा भिंतीवर शोभेल. चौथीतल्या मुलालाही जमेल असा हा भागाकार आहे, आणि तो दुकानात जाण्यापूर्वी घरीच करावा. तिथे गेल्यावर गर्दीत आपल्याला कोणी विचारत नाही.

मोबाईलच्या खोक्यावर ५० किंवा १०८ मेगापिक्सेल लिहिलेले असते, पण फोटो मात्र १२ मेगापिक्सेलच्या आसपासच निघतो. यात कोणी फसवणूक करीत नाही. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, नखाएवढा असतो. त्यावरचे ठिपके इतके बारीक की एकेकट्याला पुरेसा उजेड मिळत नाही. म्हणून मोबाईल चार किंवा नऊ ठिपक्यांचा मिळून एक ठिपका करतो आणि त्यामुळे फोटो स्वच्छ येतो. कॅमेऱ्यात ‘५० एम’ अशासारखे बटण असेल तर ते भर उन्हातल्या ग्रुप फोटोला वापरावे. रात्री हॉलमध्ये त्याचा उपयोग नाही.

‘व्हॉट्सॲप करा’

खरी गडबड इथे होते. दुकानात गेलो की दुकानदार काउंटरवरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणतो, “या नंबरवर व्हॉट्सॲप करा.” आपण करतो. पण व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने गेला की त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणली जाते. निरोप लवकर पोहोचावा, डेटा कमी जावा म्हणून ही सोय आहे, आणि मोबाईलच्या पडद्यावर फरक कळतही नाही. पण १६०० ला १८ ने भागा. ८८ येतात. एक कोटी वीस लाखांतले वीस लाखांच्या आसपास ठिपके उरले, बाकीचे वाटेतच गळाले. आणि एकदा गळाले की परत येत नाहीत. तोच फोटो मग पेन ड्राइव्हमध्ये घाला की सीडीत घाला, तो तेवढाच राहतो.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीच्या सासूबाई गेल्या तेव्हाची गोष्ट. फोटो पुण्यात नोकरीला असलेल्या नातवाने काढलेला. त्याने तो आत्याला पाठवला, आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, तिथून सूनबाईंनी दुकानदाराला. आम्ही तपशील पाहिले तर १२००×१६००. उंची १६ इंचाची हवी होती, म्हणजे इंचाला १०० ठिपके. नातवाला फोन करून सांगितले, बाळा, हाच फोटो तुझ्या मोबाईलमधून डॉक्युमेंट म्हणून पाठव. आला तो ३०००×४०००, इंचाला २५०. दुकानदार भला माणूस, त्याने दोन्ही छापून दाखवले. पहिल्यात हनुवटीवर एक निळसर डाग होता. दुसऱ्यात तेच गोंदण होते आणि त्याचे तीन ठिपके मोजता येत होते. सूनबाई बराच वेळ त्या हनुवटीकडे पाहत राहिल्या.

तेव्हा ज्याने फोटो काढला त्याच्याच मोबाईलमधली मूळ प्रत मिळवावी. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर पिनेची खूण दाबून ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडावे आणि त्यातून फोटो उचलावा, म्हणजे एकही ठिपका कमी न होता जातो. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये ‘एचडी’चे बटणही आले आहे. ते साध्या पाठवणीपेक्षा पुष्कळ बरे, पण मोठ्या फोटोसाठी डॉक्युमेंटच धरावे. ईमेलने पाठवला तरी चालतो. ब्लूटूथने वेळ लागतो, पण माल पूर्ण येतो. सगळ्यांत निर्धोक म्हणजे मोबाईल आणि त्याची केबल घेऊन स्वतः दुकानात जाणे.

स्क्रीनशॉट मात्र कधीही देऊ नये. स्टेटसवरून किंवा फेसबुकवरून काढलेला स्क्रीनशॉट म्हणजे फोटोचा फोटो. बहुतेक मोबाईलचा पडदा १०८० ठिपक्यांच्या आसपास रुंद असतो, आणि आडवा फोटो उभ्या पडद्यावर दिसत असेल तर हाती फक्त १०८०×८१० लागतात. एवढ्यात पोस्टकार्डाएवढा फोटो होईल, त्यापुढे नाही.

आणखी एक. गेलेल्या माणसाचा मोबाईल लगेच फॉरमॅट करू नये किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नये. त्यात त्यांचे स्वतःचे आणि त्यांनी काढलेले मूळ फोटो असतात. ते गुगलवर साठवलेले असतील तरी गाफील राहू नये, कारण २०२३ पासून गुगलचा नियम आहे की दोन वर्षे न वापरलेले खाते पुसले जाऊ शकते. आधी सगळे फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत.

डोकी कापली जातात ती का

मोबाईलचा फोटो ४:३ या मापाचा असतो, आणि लॅबमधला लोकप्रिय कागद १२×१८ हा ३:२ चा. दोन्ही आकार जुळत नाहीत, म्हणून यंत्र वरून आणि खालून मिळून अकरा टक्के फोटो कापते. एकट्या माणसाच्या फोटोत हे चालून जाते. महिला मंडळाच्या ग्रुप फोटोत मात्र मागच्या रांगेच्या कपाळावर सुरी फिरते नाहीतर पुढच्या रांगेचे पाय जातात. त्यावर उपाय दोन. फोटो काढतानाच चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी किंवा १२×१६, १५×२०, १८×२४ असे जुळणारे माप मागावे. पुष्कळ कलर लॅबच्या यंत्रात १२ इंच रुंदीचाच कागद चालतो. त्याहून मोठे हवे असेल तर काम शहरातल्या मोठ्या लॅबकडे जाते आणि दिवस लागतात. कार्यक्रम तोंडावर असेल तर हे आधी विचारून घ्यावे.

ग्रुप फोटोतून एकच चेहरा कापून मोठा करून द्या, अशी मागणी नेहमी होते. पंधरा जणींची रांग ४००० ठिपक्यांत बसवली तर एकेकीच्या चेहऱ्याच्या रुंदीला जेमतेम ७०-८० ठिपके येतात. त्यातून आठ इंचाचा चेहरा कोणता कारागीर काढणार? ग्रुप फोटो काढायचाच तर लांबलचक रांग न करता तीन-चार रांगा कराव्यात, म्हणजे कॅमेरा जवळ येतो आणि चेहरे मोठे येतात.

चौकातल्या फ्लेक्सवर एवढासा फोटो दहा फुटांचा होतो, तो कसा चालतो, असे कोणी विचारील. तो चालतो कारण आपण तो लांबून पाहतो. फूटभर अंतरावरून डोळ्याला इंचाला जवळजवळ तीनशे ठिपके वेगळे ओळखता येतात. पाच फुटांवरून साठही पुरतात, रस्त्यापलीकडून त्याहून कमी. पण घरातल्या फोटोजवळ माणूस जातो. फूल वाहायला, धूळ पुसायला, लहान मुलाला कडेवर घेऊन पणजी दाखवायला. म्हणून फ्लेक्सचा हिशेब घरात चालत नाही. कलर झेरॉक्सलाही फोटो म्हणू नये. प्रसंगाची नड भागते इतकेच.

आधीच काढून ठेवावा असा फोटो

खरे तर आई-वडील हिंडते-फिरते असतानाच त्यांचा एक चांगला फोटो काढून ठेवावा. काही घरांत हे अशुभ वाटते. तसे मानण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही. फोटो मोठा करून त्यांनाच दाखवावा, ती त्यांना आवडणारी गोष्ट आहे.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास किंवा चार वाजल्यानंतर चाळीच्या गॅलरीत, अंगणात, दाराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकावी. तोंड उजेडाकडे, पाठ अंधाराकडे. पाठीमागे खिडकी नको, डोक्यावर ट्यूबलाइट नको, फ्लॅश तर नकोच. कॅमेऱ्याची काच पदराने किंवा सुती रुमालाने आधी पुसावी. खिशातल्या मोबाईलच्या काचेवर बोटांचे तेल बसलेले असते आणि निम्मा धुरकटपणा तिथूनच येतो. सेल्फीचा कॅमेरा वापरू नये, पाठीमागचा वापरावा. फार जवळ गेले की नाक मोठे आणि कान लहान दिसतात, म्हणून चार फुटांवर उभे राहून कमरेपासून वरचा भाग घ्यावा. बोटांनी पडदा ताणून झूम करू नये. साध्या मोबाईलमध्ये ते झूम म्हणजे नुसती काटछाट असते, आणि दुप्पट झूमला ठिपके चौथाईवर येतात. थोडे कापायचेच झाले तर नंतर कापता येते. कापून २२५०×३००० उरले तरी १२×१६ ला इंचाला १८७ ठिपके मिळतात.

‘पोर्ट्रेट’ नावाची सोय मागचे धूसर करते. पडद्यावर ती झकास दिसते. पण मोबाईलला केस कुठे संपले आणि भिंत कुठे सुरू झाली हे नीटसे कळत नाही, आणि मोठ्या कागदावर कानाची पाळी, पदराची कड अर्धवट पुसलेली दिसते. साधाच फोटो काढावा. एकच काढून थांबू नये, पंधरा-वीस काढावेत. पहिल्या पाचांत माणूस ताठ असते. नंतर कोणीतरी काहीतरी बोलते, ते हसते, आणि खरा फोटो तेव्हा मिळतो.

चेहरा तोच राहिला पाहिजे

आता जे सांगणार आहोत ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. बहुतेक मोबाईलमध्ये ‘ब्युटी’ नावाचे एक बटण असते. ते सुरकुत्या पुसते, डोळे मोठे करते आणि कातडी उजळ करते. काही मोबाईलमध्ये ते न सांगताच चालू असते. ते शोधून बंद करावे. आयुष्यभर उन्हातान्हात राबलेल्या आईचा चेहरा काचेच्या बाहुलीसारखा करून भिंतीवर लावायचा कशासाठी? तिचा सावळा रंग ही दुरुस्त करायची चूक नव्हे.

गोऱ्या कातडीला धरून सगळ्यांचे रंग जुळवण्याची ही खोड जुनी आहे. फिल्मच्या काळात अमेरिकेतली कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे, आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर दिसली की यंत्र बरोबर, मग काळ्या माणसांचे चेहरे अंधारात बुडाले तरी चालत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे कोडॅकने १९९० च्या दशकात काढली. गुगलने काळ्या-सावळ्या कातडीचे रंग खरे यावेत म्हणून आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात मुद्दाम सुधारणा केल्याचे जाहीर केले, तेव्हा २०२१ साल उजाडले होते. आपल्या नाक्यावरच्या स्टुडिओतही ‘जरा उजळ करतो’ हे वाक्य सवयीने येते. त्याला स्वच्छ सांगावे, रंग आहे तसाच ठेवा, आपोआप दुरुस्ती बंद करा.

याहून नवी गोष्ट म्हणजे एआय. धुरकट फोटो घातला की क्षणात लख्ख करून देणारी ॲप्स निघाली आहेत, आणि दुकानदारही आता तेच वापरतात. पण गळालेले ठिपके ते यंत्र आणणार कुठून? हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधून ते नवे ठिपके भरते. लुगड्याचा काठ किंवा मागची भिंत असल्या ठिकाणी त्याने बिघडत नाही. चेहऱ्यावर मात्र ते नवा डोळा, नवे दात, नव्या पापण्या काढते. तीळ जातो, देवीचे व्रण जातात, गोंदण जाते. परक्या माणसाला फोटो सुंदर वाटतो, आणि घरचे माणूस म्हणते, “छान आहे, पण हे आमचे बाबा नव्हेत.” आमचे मत असे की मूळ फोटोत ठिपके कमीच असतील तर फोटो लहान करावा. ८×१० इंचाचा खरा चेहरा १८ इंचाच्या खोट्यापेक्षा बरा. मोठी फ्रेमच हवी असेल तर भोवती रुंद पांढरे माउंट टाकावे, भिंतीवर ते भारदस्त दिसते. पूर्वी स्टुडिओवाले आयुष्यात कधी कोट न घातलेल्या आजोबांचे डोके दुसऱ्याच्या कोटावर बसवून देत. ती हौस आम्ही समजू शकतो, कारण निदान डोके तरी आजोबांचेच असे.

जुन्या फोटोवरून मोठा करताना

ज्यांचा मोबाईलवर फोटोच नाही अशी माणसेही पुष्कळ आहेत. जुना कागदी फोटो असेल तर तो फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करून घ्यावा, आणि ‘१२०० डीपीआय’ असे सांगावे. पासपोर्ट साईजच्या फोटोतून त्यामुळे साधारण १६५०×२१०० ठिपके मिळतात आणि ८×१० चा फोटो होतो. मात्र मूळ कागदावरच जे नाही ते स्कॅनरलाही दिसणार नाही. स्कॅनर नसेल तर फोटो भिंतीला टेकवून, बाजूच्या खिडकीच्या उजेडात, मोबाईल अगदी समांतर धरून टिपावा. काचेमुळे चमक येते म्हणून फोटो फ्रेमबाहेर काढावा. पण तो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, चेहरा काचेवर राहील. काचेसकटच स्कॅन करावा.

आणि लग्नाच्या जुन्या अल्बमच्या पाकिटात तपकिरी निगेटिव्हच्या पट्ट्या असतील तर त्या टाकू नयेत. फोटोपेक्षा त्यांत अधिक माल असतो. नेहमीच्या ३५ मिलिमीटर निगेटिव्हची एक चौकट २४०० डीपीआयने स्कॅन केली की ३४००×२२६० च्या आसपास ठिपके येतात, म्हणजे १२×१८ साठी इंचाला जवळजवळ १९०. तीस वर्षांपूर्वीच्या लग्नातले आई-बाबा दीड फुटाचे होऊन समोर येतात. निगेटिव्ह स्कॅन करणारी दुकाने आता थोडी उरली आहेत, तेव्हा हे काम फार लांबवू नये.

कागद आणि फ्रेम

मोबाईलचा पडदा आतून उजळतो, कागद तसा उजळत नाही. म्हणून मोबाईलवर ठीक दिसलेला फोटो कागदावर काळपट येतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फोटो पाहावा, मग अंदाज येतो. मोठ्या कागदाचे पैसे भरण्याआधी चेहऱ्याचा तेवढाच ४×६ इंचाचा तुकडा, मोठ्या फोटोत जेवढा येणार त्याच मापाने, छापून मागावा. थोड्या पैशांत रंगही कळतो आणि स्पष्टपणाही.

काचेमागे लावायचा असेल तर मॅट कागद घ्यावा. ग्लॉसीवर बोटे उमटतात आणि काच अधिक कागद अशी दुहेरी चमक येते. फ्रेमवाल्याला माउंट बोर्ड घालायला सांगावे, कारण फोटो थेट काचेला टेकला की पावसाळ्यात ओल धरून तिला चिकटतो. रोज ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नये, रंग उडतात. ओल येणाऱ्या भिंतीवरही नको. पत्र्याच्या किंवा एकेरी विटेच्या घरात दुसरी भिंत नसते, हे आम्हांस ठाऊक आहे. तिथे फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात, म्हणजे मागून वारा खेळतो. फ्रेम बंद करण्यापूर्वी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने नाव, गाव, फोटो कोणत्या साली काढला आणि मूळ प्रत कोणाच्या मोबाईलमध्ये आहे, एवढे लिहून घ्यावे. फ्रेमवाले मागे कागद डकवून टाकतात, मग लिहायला जागा राहत नाही.